वडिलांचा आवाज आपल्या तोंडून निघतो तेव्हा

पत्र : माझी मुलगी सात महिन्यांची आहे. परवा रात्री ती तिसऱ्यांदा उठून रडायला लागली तेव्हा मी तिच्यावर ओरडलो, ‘गप्प बस म्हटलं ना एकदा! हट्टी कुठली.’ शब्द माझ्या बाबांचे आणि आवाजही हुबेहूब त्यांचाच. ती दचकली आणि मग दुप्पट रडली. बाबा वाईट नव्हते. मला शाळेतून न्यायला त्यांनी कधी उशीर केला नाही, सायकल दुरुस्त करताना शेजारी बसवायचे. पण कधी जवळ घेतलं नाही, शाबासकी दिली नाही. चिडले की हात उचलायचे आणि नंतर काही घडलंच नाही असं वागायचे. मी त्यांच्या अगदी उलट बाप व्हायचं ठरवलं होतं. आता तेच बाबा नातीला तासन्‌तास खांद्यावर घेऊन फिरतात. ते बघून बरं वाटतं आणि आतून जळतंही. त्यांच्याकडून नेमकं काय घ्यायचं, काय टाकायचं? परवाचं तिच्या लक्षात राहील का? बाकी, हल्ली कामावरून घरी निघताना पाय जड होतात, पण ते दमल्यामुळे असेल.
– एक बाबा

उत्तर :

आधी परवाच्या रात्रीचं बोलू. एक घटना म्हणून ती तुमच्या लेकीच्या लक्षात राहणार नाही. मोठेपणी माणसाला आठवतात त्या अगदी जुन्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात. मात्र हा माणूस जवळ आला की पुढे काय होतं, याचा अंदाज बाळ पहिल्या वर्षातच बांधायला लागतं. तो एका रात्रीवरून बनत नाही. पुन:पुन्हा जे होतं त्यावरून बनतो.

सात महिन्यांचं मूल हट्टानं रडत नाही. तुम्हाला छळायचं ठरवून रडायला जी डोक्याची तयारी लागते ती या वयात नसते. सहाव्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास बाळाला कळू लागतं की नजरेआड गेलेलं माणूस कुठेतरी आहे, पण आपल्याजवळ नाही. त्यामुळे आधी बरी झोपणारी बाळंही या दिवसांत रात्री उठू लागतात. दात आणि रांगायची खटपट यांची भर असतेच. ताप असेल, बाळ सतत कान ओढत असेल किंवा दूध घेत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता बाबांचा आवाज. झोप अपुरी पडली की माणूस विचार करून बोलत नाही, लहानपणी शेकडो वेळा ऐकलेलं वाक्य आधी बाहेर पडतं. ‘मी कधी ओरडणार नाही’ हा निश्चय तुम्ही दिवसा, पोटभर झोप झालेली असताना केला होता. रात्री तीन वाजता तो हाताशी नसतो. म्हणून निश्चयाऐवजी कृती ठरवा आणि ती शरीराच्या एखाद्या खुणेला बांधा. ‘शांत राहीन’ याचा उपयोग नाही. ‘जबडा आवळला गेला की मी तिला खाली ठेवीन’ याचा आहे. अशा जर-तर योजना नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पाळल्या जातात, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकापासून बऱ्याच प्रयोगांतून दाखवलंय.

तुमची खूण कुठली ते तुम्हीच शोधा. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, कुणी बाळाला थोपटतोय म्हणता म्हणता जोरात थापटायला लागतो. ही शेवटची खूण फार महत्त्वाची, कारण ती दुसऱ्याला आधी दिसते. खूण दिसली की बाळाला तिच्या पाळण्यात, सपाट आणि घट्ट गादीवर, पाठीवर झोपवा. उशी, सैल पांघरूण, खेळणी काहीही जवळ नको. मग खोलीबाहेर जा, तोंडावर पाणी मारा, श्वास आत घेता त्यापेक्षा सावकाश बाहेर सोडा. पाच मिनिटांनी आत डोकावून या. पाळण्यात सुरक्षित असलेलं बाळ तेवढा वेळ रडल्यानं त्याला इजा होत नाही. रागात उचलून हलवल्यानं होते. या वयात डोकं शरीराच्या मानानं जड आणि मान कच्ची असते, त्यामुळे काही सेकंद जोरात हिसडलं तरी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दुसरी चूक दमलेले बाप हमखास करतात. बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर टेकतात आणि तिथेच डोळा लागतो. बाळ अंग आणि गादीच्या फटीत अडकून गुदमरण्याचा धोका सोफ्यावर फार मोठा असतो. झोप अनावर झाली असेल तर बाळाला आधी पाळण्यात ठेवा.

रात्र दोघांत वाटून घ्या, आणि वाटणी वेळेची करा. ‘एकदा तू, एकदा मी’ या पद्धतीत दोघांचीही झोप तुकड्यातुकड्यांत होते. त्यापेक्षा दीडपर्यंत एक आणि दीडनंतर दुसरा, असं केलं की दोघांनाही सलग चार-पाच तास मिळतात. अंगावरचं दूध असेल तर तुमच्या पाळीत बाळाला आईजवळ नेणं, ढेकर काढणं, लंगोट बदलून पुन्हा झोपवणं हे तुमचं काम. आई फक्त पाजेल. आपली पाळी नसलेल्यानं शक्यतो दुसऱ्या खोलीत झोपावं, नाहीतर दोघंही जागतात आणि वाटणी नावापुरती उरते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, बाबांचं काय घ्यायचं आणि काय टाकायचं. ‘बाबा’ एवढ्या मोठ्या गठ्ठ्याला हो किंवा नाही म्हणू नका. तुमच्या पत्रातच तो गठ्ठा सुटायला लागलाय : वेळेवर येणं, शेजारी बसवणं, जवळ न घेणं, शाबासकी न देणं, हात उचलणं, आणि नंतर गप्प राहणं. या सहा वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा निवाडा वेगळा होतो.

त्याआधी एक काम करा. कागदावर बाबांशी असलेल्या तुमच्या लहानपणीच्या नात्याचं वर्णन करणारी पाच विशेषणं लिहा. मग प्रत्येक विशेषणासमोर ते सिद्ध करणारा एक खराखुरा प्रसंग लिहा : वय किती होतं, कुठे होतात, बाबांनी काय केलं, तुम्ही काय केलंत, त्यानंतर काय झालं. ही कल्पना आमची नाही. कॅरल जॉर्ज, नॅन्सी कॅप्लन आणि मेरी मेन या संशोधकांनी १९८५ मध्ये तयार केलेल्या मुलाखतीत पाच विशेषणं आणि त्यांचे प्रसंग असेच विचारले जातात. त्या मुलाखतीतून हाती आलेली गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. बालपण सुखाचं होतं की दु:खाचं, यापेक्षा ते माणूस किती सुसंगतपणे सांगू शकतो, यावरून त्याचं मूल त्याच्याशी किती निर्धास्त असेल याचा अंदाज जास्त चांगला येतो. पीटर फोनागी आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये गरोदर स्त्रियांच्या अशा मुलाखती घेतल्या आणि बाळं वर्षाची झाल्यावर ती आईशी कशी वागतात ते पाहिलं. १९९१ मध्ये त्यांनी मांडलं की चारांतल्या सुमारे तीन जोड्यांत अंदाज बरोबर आला होता. वडिलांच्या बाबतीत हा धागा एवढा घट्ट नाही, पण आहे.

हे लिहिताना दोन ठिकाणी गाडी अडते. पहिलं ठिकाण, विशेषण छान पण समोर प्रसंगच नाही. ‘प्रेमळ होते’ असं लिहिलं आणि दाखला एकही आठवेना, तर ते विशेषण बहुधा घरात सगळे म्हणतात म्हणून आलेलं असतं. ते खोडा आणि जे आठवतं त्यावरून नवं लिहा. दुसरं ठिकाण याच्या उलट. एका प्रसंगावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, आणि अर्ध्या तासानं तुम्ही सहा वर्षांचे होऊन बाबांशी भांडत बसलेले असता. असं झालं की कागद बाजूला ठेवा. एका बैठकीला अर्धा तास आणि दोन विशेषणं पुरेत. सगळं संपल्यावर प्रत्येक प्रसंगाखाली एक ओळ वाढवा : त्या काळात बाबांवर कसला ताण होता? माहीत नसेल तर जागा मोकळी सोडा. हे त्यांना माफ करण्यासाठी नाही. कोणत्या ताणाखाली तुमच्या घरात आवाज चढतो हे कळलं की तोच ताण तुमच्यावर आल्याचं लवकर ओळखता येतं.

हात उचलण्यावर चर्चा नको. ते टाकायचंच. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये चापट मारण्यावरच्या ७५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. चापट मारण्याचा संबंध मुलांच्या आक्रमकपणाशी, बिघडलेल्या मन:स्थितीशी आणि आई-वडिलांशी ताणलेल्या नात्याशी दिसला. चांगल्या परिणामाशी दिसला नाही. ‘आम्हीही मार खाल्ला, आमचं काय वाईट झालं?’ असं म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. आणि ‘मार खाल्लेला मारणारच’ ही भीतीही डोक्यातून काढा. जोन कॉफमन आणि एडवर्ड झिग्लर यांनी १९८७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा लहानपणी छळ सोसलेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांनी तेच पुढे आपल्या मुलांशी केल्याचा अंदाज निघाला. म्हणजे बहुतेकांनी केलं नाही.

वेळेवर येणं मात्र जसंच्या तसं उचला. आपल्याकडे दुर्लक्ष झालं म्हणून दुखावलेली माणसं वडिलांचा हा गुण फार स्वस्तात काढतात, ‘तेवढं तर कुणीही करतं’ म्हणून. कुणीही करत नाही. सात महिन्यांच्या मुलीशी वक्तशीरपणा म्हणजे रोजचं एक काम, ठरावीक वेळी, पूर्णपणे तुमचं. ‘पूर्णपणे’ यावर भर आहे. साबण संपत आलाय हे लक्षात ठेवणंही त्यात आलं, नाहीतर तुम्ही मदतनीस ठरता आणि काम आईच्याच डोक्यात राहतं.

अंघोळ हे काम आम्ही पहिलं सुचवू, कारण त्यात स्पर्श आपोआप येतो आणि तुमच्या बाबांना जे जमलं नाही ते भाषण न करता जमतं. टॉवेल, कपडे, लंगोट आधी हाताच्या अंतरावर मांडा. टबात आधी गार पाणी, मग गरम. पाणी साधारण ३७ अंश सेल्सिअस असावं. कोपर बुडवून पाहा, गरम किंवा गार असं काही जाणवायला नको. तळव्यावर भरवसा ठेवू नका, तळव्याची कातडी जाड असते. पाण्याची खोली आठ-दहा सेंटिमीटर पुरे. एक हात सतत बाळाच्या अंगावर. फोन वाजला, दार वाजलं तरी बाळाला टबात सोडून उठायचं नाही. उठणं भागच असेल तर तिला टॉवेलात गुंडाळून सोबत न्या. एवढ्या उथळ पाण्यातही बाळ बुडू शकतं आणि तेही आवाज न करता. पाच-दहा मिनिटांत आटपा. सुरुवातीला ती रडेल आणि आई दारातून ‘असं नाही, तसं धर’ म्हणेल. दोन आठवडे तिनं त्या वेळेला दुसऱ्या खोलीत राहावं, असं तिच्याशी आधी ठरवून घ्या. बापाला जमत नाही असं वाटतं त्यातलं पुष्कळसं सरावानं भरून निघतं. फिलिपीन्समधल्या सेबू इथल्या ६२४ तरुणांच्या २०११ मधल्या अभ्यासात, बाप झाल्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) उतरलेलं आढळलं, आणि रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलांचं करणाऱ्यांत ते सर्वांत कमी होतं. मुलांचं करणं नैसर्गिकपणे फक्त आईलाच येतं असं म्हणणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

सायकलजवळ शेजारी बसवणं ही तुमच्या बाबांची जवळ घेण्याची पद्धत असावी. ते अर्धच घ्या. शेजारी बसवणं घ्या आणि त्यात दोन गोष्टी वाढवा. एक, मुलीच्या हाताला खरं काम द्या. तीन वर्षांच्या आत नट, स्क्रू, बेअरिंगच्या गोळ्या तिच्या आसपास नकोत, ती तोंडात घालेल. तोवर फडकं धरणं, मोठा पाना उचलून देणं. सहा-सात वर्षांची झाली की स्क्रू फिरवणं. दोन, तिचं चुकतंय असं दिसलं की मनात दहापर्यंत मोजा आणि मगच बोला. बहुतेक बाप तिसऱ्या सेकंदाला हातातलं हत्यार काढून घेतात. मूल त्यातून एकच गोष्ट शिकतं, की काम बाबाच करणार.

शाबासकीच्या बाबतीत तुमचा घसरण्याचा धोका दुसऱ्या बाजूला आहे. ज्यांना कौतुक मिळालं नाही ते बाप झाल्यावर उठता-बसता ‘वा, हुशार गं माझी!’ करू लागतात. थोड्या दिवसांत त्या शब्दांना मोल उरत नाही, आणि पुढे मूल अवघड गोष्टीला हात लावायला कचरतं, कारण न जमलं तर हुशारी जाईल. तिनं काय केलं ते सांगा : ‘पडलीस, पुन्हा धरून उभी राहिलीस.’ एवढं बास.

उलट बाप होण्याची हीच अडचण आहे. उलट करायलाही नजर सतत बाबांवरच ठेवावी लागते, मुलीकडे बघायचं राहून जातं. कडक बापाचा मुलगा ‘नाही’ म्हणायला घाबरतो. लेक दीड वर्षाची झाली की तिला ‘नाही’ ऐकण्याची गरज पडेल, आणि तुम्ही पाच वेळा माघार घेऊन सहाव्या वेळी स्फोट झाल्यासारखे ओरडाल. म्हणजे बाबाच, फक्त उशिरा आलेले. पहिल्याच वेळी, साध्या आवाजात, जवळ जाऊन, हात धरून ‘नाही’ म्हणणं त्यापेक्षा कितीतरी सौम्य असतं.

सहावी गोष्ट सर्वांत नुकसान करणारी : चिडल्यावर काही घडलंच नाही असं वागणं. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळांच्या चित्रफिती बारकाईनं पाहिल्या, तेव्हा बऱ्या चाललेल्या जोड्यांतही सूर जुळण्यापेक्षा न जुळण्याचा वेळच जास्त निघाला. फरक पडतो तो तुटलेलं पुन्हा जोडण्यानं. तुमच्या बाबांनी जोडलं नाही. तुम्ही ते शिकू शकता आणि त्याला मोठं कसब लागत नाही. बाळ असताना आवाज खाली आणा, तिला उचला, चेहरा दिसेल असं धरा, श्वास मंदावेपर्यंत थांबा. तीन-चार वर्षांची झाल्यावर तीन वाक्यं, शक्यतो दहा-पंधरा मिनिटांच्या आत : ‘मी तुझ्यावर ओरडलो. ते चुकलं. पुढच्या वेळी मी बाहेर जाऊन येईन.’ चौथं वाक्य ‘पण तूही’ असं सुरू होत असेल तर ते गिळा. तिच्यापुढे रडू नका, खाऊ-खेळणं आणू नका, ‘बाबावर रागावली नाहीस ना?’ असं विचारू नका. नाहीतर तुमची समजूत काढायचं काम तिच्यावर पडतं.

बाबा नातीला खांद्यावर घेतात तेव्हा जळतं, हे लपवायचं कारण नाही. त्यांच्या डोक्यावर आता घर चालवायचा बोजा नाही, घाई नाही, आणि नातीला घडवण्याची जबाबदारी तुमची आहे. त्यांना तेव्हा जे जमलं नाही त्यातलं थोडं आता जमतंय. बोलायचं असेल तर ‘मला कधी जवळ का घेतलं नाहीत?’ असं विचारू नका. एक तर ते बचाव करतील नाहीतर उठून जातील. सोपे, ठोस प्रश्न विचारा : ‘मी सात महिन्यांचा होतो तेव्हा तुमची कामाची वेळ काय होती? रात्री कोण उठायचं? तुमचे बाबा तुमच्याशी कसे होते?’ समोरासमोर बसून नाही, हातात काही काम असताना किंवा चालताना, आणि एका वेळी एकच प्रश्न. माफीची वाट बघत बसू नका. आली तर आली. आणि नातीवर हात उचलायचा नाही, हा नियम त्यांना आत्ताच, सगळं गोडीगुलाबीचं असताना, तुम्ही स्वत: सांगा. बायकोला सांगायला लावू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की घरी निघताना पाय जड होतात. आम्हाला सगळ्यात जास्त तेच खटकलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य बापांनाही येतं. २०१० मधल्या एका मोठ्या आढाव्यात सुमारे १० टक्के वडिलांत ते आढळलं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना प्रमाण सर्वांत जास्त होतं. म्हणजे तुम्ही त्या काळातून नुकतेच आला आहात. पुरुषांमध्ये ते बऱ्याचदा रडू येण्याऐवजी चिडचिड, कामात बुडून घेणं, घर टाळणं, दारू वाढणं असं दिसतं, म्हणून ‘दमलाय’ म्हणून सोडून दिलं जातं. दमल्याची एक कसोटी आहे : सलग दोन-तीन रात्री बरी झोप मिळाली की माणूस हलका होतो. तशी झोप मिळूनही जडपणा तसाच राहिला, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, तर तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि बाळ सात महिन्यांचं आहे हे आवर्जून सांगा, कारण पुरुषाला ते सहसा कुणी विचारत नाही. बायकोचीही अशीच विचारपूस करा. दोघांपैकी एकाला नैराश्य असेल तर दुसऱ्याला येण्याची शक्यता वाढते. आणि बाळाला किंवा स्वत:ला इजा करण्याचा विचार मनात आला, ओझरता का होईना, तर वाट बघू नका. बाळ दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हाती द्या, घरात कुणाला तरी सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.